शेप्या आंब्याचा खारट डबा

माझ्याकडे आईस्क्रीम शिकायला बायका येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी विचारते, ह्याला सगळ्यात जास्त काय लागतं? कुणी दूध म्हणतं, कुणी साखर, कुणी फळ. एकदा एक बाई 'पेशन्स' म्हणाल्या. सगळं चूक. सगळ्यात जास्त लागतं ते मीठ. खडेमीठ, ओंजळी भरभरून.

मग त्या एकमेकींकडे बघतात. बघू देत. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बी विंगमधल्या दोघींना माझ्याकडून पाच रेसिप्या हव्या होत्या, फोटोसकट. म्हटलं, बायांनो, रेसिप्या तुमच्या मोबाईलमध्ये ढिगानं पडल्यात, त्यात माझी भर कशाला? मी अठ्ठावीस वर्षं नेरुळच्या ह्याच दोन खोल्यांत ताज्या फळांचं आईस्क्रीम करून विकलं. त्यातलं जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. चालत असेल तर छापा.

आधी मिठाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हाताच्या पॉटला बाहेरून एक लाकडी बादली असते. तिच्यात मधोमध पत्र्याचा उभा डबा. डब्यात आटवून गार केलेलं दूध आणि फळाचा गर, आणि ते ढवळायला लाकडी पंखा. डब्याभोवती बादलीत बर्फाचा चुरा आणि खडेमीठ, थरावर थर. वर दांडा, तो फिरवत राहायचा. नुसता बर्फ दूध गार करतो, गोठवत नाही. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळतो आणि वितळताना इतका थंड होतो, की बोट लागलं तर चटका बसावा तसं होतं. हे वितळलेलं खारं पाणी बाहेर जायला बादलीच्या अंगाला एक भोक असतं. ते डब्याच्या झाकणापेक्षा खाली असतं, त्यामुळे पाणी झाकणापर्यंत चढत नाही. एवढंच शास्त्र. ते भोक तेवढं लक्षात ठेवा.

पॉट आमच्या घरी आला तो मिस्टरांमुळे. ते ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत फिटर होते. दिघ्याला राहणारा त्यांचा एक दोस्त कायमचा गावाला निघाला, तो जाताना हा पॉट देऊन गेला. मी म्हटलं, हे धूड कुठे ठेवायचं? मिस्टर म्हणाले, "अगं ठेव, कधीतरी करू." ते 'कधीतरी' बुद्धपौर्णिमेला आलं. आमच्या विहारात त्या दिवशी खीर असते. मे महिन्यातला उकाडा, खीर कुणी दुसऱ्यांदा घेईना. पुढच्या वर्षी मी कमिटीला म्हटलं, दूध तेच, साखर तीच, मी त्यात आंबा घालून गोठवून आणते. म्हाताऱ्या मंडळींनी नाकं मुरडली. खीर ती खीर, हे काय फॅड? आणि मग त्याच म्हाताऱ्यांनी तीन-तीन वाट्या रिकाम्या केल्या. एक आजोबा तर म्हणाले, "बुद्धांना खीर देणाऱ्या सुजाताबाईला पॉट मिळाला असता तर तिनंही हेच केलं असतं." तिथून माझा धंदा सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

धंदा म्हणजे शिकणं, आणि शिकणं म्हणजे नाक कापून घेणं. माझं नाक कापलं अननसानं. एका बारशाची ऑर्डर होती. मी कच्चा अननस मिक्सरला लावला आणि सरळ दुधात ओतला. दिसायला फक्कड. चव घेतली नाही, एवढी हुशारी अंगात आली होती. बारशाला पहिला चमचा बाळाच्या आत्यानं घेतला आणि तिचं तोंड असं झालं, जणू तिनं सुचवलेलं नाव पसंत नाही म्हणून वहिनीनं तिला मुद्दाम काढाच दिलाय. कडूजहर! कच्चा अननस दुधाला कडू करतो, पपईचंही तेच. आधी साखरेत शिजवायचा, पूर्ण गार करायचा, मग दूध. सीताफळाची तऱ्हा उलटी. त्याला आच दाखवलीत की संपलं. बिया एकेक करून हातानंच काढायच्या, बोटं काळी होतात, होऊ द्यायची. फणसात कापा नको, बरका पाहिजे, जो घशात आपोआप उतरतो तो. आणि कुठल्याही फळात पाणी असतं, ते गोठलं की जिभेला बर्फाचे खडे लागतात. म्हणून दूध आटवताना कंटाळा करायचा नाही. संपलं, एवढ्यात सगळ्या रेसिप्या आल्या.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नग. एक मॅडम पेरूचा डबा परत घेऊन आल्या. "काकू, हे पांढरं का? पेरूचं गुलाबी असतं." म्हटलं, "पेरू पांढरा होता." "पण दुकानातलं गुलाबी असतं." म्हटलं, "मग त्या दुकानदाराला विचारा, त्याच्या पेरूला काय झालं." दुसऱ्या एका बाईंना मे महिन्यात सीताफळ हवं होतं, मुलीच्या साखरपुड्याला. मी म्हटलं, मे महिन्यात झाडाला सीताफळ नाही. तर म्हणे फ्रोझन गर मिळतो. "मग फ्रोझन आईस्क्रीमच घ्या ना, माझ्याकडे कशाला आलात?" साखरपुड्याला मी गेले नाही, कारण बोलावणं आलं नाही. आणखी एक बाई फोनवर सीताफळाची ऑर्डर ठरवून झाल्यावर म्हणाल्या, "आडनाव काय हो तुमचं?" मी सांगितलं, कांबळे. "बरं बरं, कळवते हं." अजून कळवतायत. माझं काही अडलं नाही. सीताफळ त्यांचं हुकलं.

माझा तोरा होता तो असा. इसेन्स नाही, रंग नाही, मोसमाबाहेरचं फळ नाही. आणि प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: कुठलं फळ आणि कुठून आलं. 'सीताफळ, सासवड.' 'जांभूळ, शिरवणे गावातलं.' मार्केटमधून आणलेलं असेल तर 'वाशी मार्केट' असंच लिहायची, लाज कसली? लोक हसायचे. मिस्टर म्हणायचे, "अगं, फळांचा जन्मदाखला देतेस की काय?" हो, देते. माझ्या डब्यावर लिहिलंय म्हणजे ते तसंच आहे, असं शिरवण्यापासून सीवूडपर्यंत लोक मानायचे. मला त्याचा गर्व होता. होता म्हणते, कारण आता जे सांगणार आहे ते त्याबद्दलच आहे.

आठवड्याला पाच-सहा किलो खडेमीठ लागायचं. ते द्यायची हिराबाई. जासईची. त्यांच्या घरची माणसं मिठागरात राबायची, आणि ही मीठ आणि सुकी मासळी घेऊन शिरवण्याच्या बाजारात बसायची. उंच, काळीसावळी, नाकात मोठी नथनी, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघेल. मी तिला मावशी म्हणायची. त्यांच्याकडच्या आगरी बोलीत 'ड'-'ढ'चा 'र' होतो आणि 'ळ'चा 'ल'. पहिले दोन महिने ती मुकाट्यानं मीठ देत होती. मग तिला राहवेना.

"एवरं मीठ कनाला लागतं गो तुला? मावरं सुकवतेस का?"

"मासळी नाही मावशी, आईस्क्रीम करते."

"मिठाचं?"

"मिठानं."

तिनं शेजारच्या कोळणीकडे बघून कपाळाला हात लावला. "येरी हाय ही," म्हणाली. पुढच्या आठवड्याला मी तिला डब्यातून आंब्याचं नेऊन दिलं. तिनं तिथेच बसल्या जागी संपवलं आणि बोटं चाटत म्हणाली, "बरा हाय. पन आमच्या शेप्याचा कर एकदा, मंग बघ."

शेप्या म्हणजे त्यांच्या परसातला रायवळ आंबा. रायवळ झाडांना लोक आपापली नावं ठेवतात, ह्याच्या रसाला बडीशेपेसारखा वास, म्हणून शेप्या. लहान, दोऱ्यांनी भरलेला, चोखून खायचा. दर मे महिन्यात मावशी मिठासोबत चार-पाच आंबे माझ्या पिशवीत टाकायची, आणि आम्ही ते घरी पोचायच्या आत चोखून मोकळे व्हायचो. त्याचं आईस्क्रीम काही झालं नाही. करू, करू म्हणत वीसेक वर्षं गेली. एवढ्या दोऱ्यांचा आंबा गाळत कोण बसणार, हेही एक कारण होतं, खरं सांगते.

मधल्या काळात जासईची मिठागरं भरली गेली. मिठाच्या जागी कंटेनर आले. हिराबाईचा मुलगा एका यार्डात क्रेन चालवायला लागला, चांगली नोकरी आहे, तक्रार नाही. मावशीचे गुडघे गेले, बाजार सुटला. तिची सून वनिता नेरुळला एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, ती येता-जाता निरोप पोचवायची. मिठागर बंद पडलं तेव्हा मावशीनं तिच्याकडून अर्धं पोतं मीठ पाठवलं. "शेवटचं हाय, जपून वापर," असा निरोप. तोवर मी गोठवायचं इलेक्ट्रिक मशीन घेतलं होतं. पॉट माळ्यावर गेला आणि पोतं बाल्कनीत राहिलं.

मग एका मे महिन्यात वनिता दारात उभी राहिली. हातात मोठी पिशवी, आणि आत शेप्या. मी म्हटलं, ये, बस, पाणी घे. ती बसली नाही.

"काकू, आईच्या अन्ननलिकेत गाठ हाय. घट्ट काय जात नाय आता. गार आणि मऊ तेवढं चमचा-चमचा जातं. आणि ती एकच धरून बसलीय, शेप्या पायजे. चोखता येत नाय, रस दिला तर ठसका लागतो. काल बोलली, त्या नेरुलवालीला सांग, माज्या मिठात कर."

"झाडाला अजून आहेत ना?"

"एवढेच. वर एक पन नाय. आणि यार्डाचा रस्ता रुंद होतोय, घरामागची जागा गेली. आंबे उतरले की झाड तोडणार, ठरलंय. हे शेवटचे." मग ती हळूच म्हणाली, "डॉक्टर बोलले, पंधरा-वीस दिवस."

मी म्हटलं, उद्या चार वाजता डबा घेऊन जा.

आता बघा, माझ्याकडे मशीन होतं. अर्ध्या तासात काम झालं असतं. पण मला पॉटमध्येच करायचं होतं. 'माज्या मिठात कर' म्हणाली होती ना ती! आणि हातानं फिरवलेल्या आईस्क्रीमची सर मशीनला नाही, हे मी शिकायला येणाऱ्या बायकांना शंभरदा ऐकवलेलं. थोडक्यात, मला मिरवायचं होतं. मिस्टर नेमके गावी गेले होते, महाडकडे, घराची कौलं बदलायला. शेजारच्या वहिनींना हाताशी घेऊन मी माळ्यावरून पॉट काढला. धुतला, पुसला. सकाळभर शेप्या पिळला, मलमलीतून दोनदा गाळला. पिशवीभर आंब्यांतून निघाला जेमतेम दीड तांब्या रस. पण वास! अख्ख्या मजल्यावर बायका दारं उघडून विचारायला लागल्या, आज काय आहे म्हणून.

दूध आटवून गार केलं, रस घातला, डबा लावला, बर्फ आणि मावशीचं मीठ थरावर थर. दांडा फिरवायला घेतला. एरवी दांडा मिस्टर फिरवायचे, मी मीठ टाकायची. आता दोन्ही मीच. पाऊण तास खांदा मोडेस्तोवर फिरवलं. दांडा जड झाला, म्हणजे आईस्क्रीम आलं. मनात म्हटलं, वा कांबळेबाई, साठी उलटली तरी दम आहे.

झाकण काढलं. रंग केशरी, रेशमासारखं मऊ. चमचा घातला, तोंडात टाकला.

खारट! समुद्राचं पाणी प्यावं तसं. मला आधी कळेचना. दुसरा चमचा अगदी तळातून घेतला. तोही खारट, ढवळलं होतं ना मीच पाऊण तास. मग बादलीकडे बघितलं. पाणी काठोकाठ, डब्याच्या झाकणावर चढलेलं. अंगावरच्या भोकातून एक थेंब बाहेर येत नव्हता. बोट घातलं तर आत फडक्याचा बोळा. पॉट माळ्यावर टाकताना आत झुरळं जाऊ नयेत म्हणून मिस्टरांनी घट्ट ठोकून बसवलेला. इतक्या वर्षांत भोक बघायचं काम त्यांचं होतं. मी कधी बघितलंच नव्हतं. पुसताना तर त्याच्यावरून दोनदा हात फिरवला असेल.

मी खाली फरशीवर बसले आणि रडले. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा. वहिनी म्हणाल्या, "असू दे हो, दुसरे आंबे आणू." कुठून आणणार? तेवढ्यात फोन वाजला. मिस्टर! "अगं, पॉट काढणार म्हणालीस, बोळा काढलास ना?" मी फोन ठेवून दिला. घड्याळात अडीच वाजले होते.

ह्यापुढचं मी आजवर शिकवताना कुणाला सांगितलेलं नाही. फ्रीजमध्ये वाशी मार्केटचा हापूस होता, दुसऱ्या ऑर्डरीचा. मी तो काढला. बडीशेप भाजली, कुटली, थोड्या दुधात उकळून गाळली. थेंब-थेंब घालत, चव बघत, हापूसला शेप्या केला. आंबटपणासाठी लिंबू पिळलं. मशीनला लावलं. साडेतीनला तयार. इसेन्सवाल्यांना जिनं आयुष्यभर शिव्या घातल्या, तिनं भर दुपारी स्वतःच्या ओट्यावर इसेन्स तयार केला. आणि वर चिठ्ठी लिहिली: 'शेप्या आंबा, जासई.' मी स्वतःला समजावलं, की बाई आजारी आहे, चार चमचे खाणार आहे, तिला आनंद झाला म्हणजे बस. आणि खरं कारण वेगळंच होतं. माझ्या हातून बिघडलं, हे जासईपर्यंत जायला नको होतं.

वनिता चारला आली, डबा घेतला, माझ्या पाया पडली. त्या पाया पडण्यानं मला रात्रभर झोप आली नाही. खारट झालेलं मात्र मी फेकलं नाही. का ते विचारू नका. एका डब्यात भरलं आणि फ्रीझरमध्ये मागे सरकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनिताचा फोन. मी आपली तयारच होते, 'आईला खूप आवडलं' ऐकायला. ती घुटमळत म्हणाली, "काकू, रागवू नका. आई बोलते, आंबा गोड हाय पन आपला नाय. मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. तरी बोलते, त्यांना विचार, माजे आंबे कुठं हायत."

'तिच्या तोंडाची चव गेली असेल' असं बोलता आलं असतं. आजारी माणसाबद्दल कुणी ते खरंही मानलं असतं. जिभेवर आलं होतं, देवाशपथ नाही म्हणणार, मी देव मानत नाही. पण आलं होतं. मग म्हटलं, "वनिता, मी येते."

खारट डबा थर्मासच्या पेटीत बर्फ घालून घेतला, रिक्षा केली आणि जासई गाठलं. गावात शिरलं की एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला कंटेनरांची भिंत. मावशी ओटीवर खाटेवर होती. ओळखू येईना इतकी वाळलेली, पण नथनी तीच. परसातला शेप्या अजून उभा होता, बुंध्याला चुन्याचा पट्टा मारलेला. माझा कालचा डबा उशाशी, जवळजवळ भरलेला.

मी बसले आणि सगळं सांगितलं. पॉट, बोळा, खारं पाणी, हापूस, बडीशेप. लिंबूसुद्धा. वनिता दाराला टेकून ऐकत होती, तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "मावशी, तुला कळलं कसं?"

आवाज आता बारीक झाला होता. थांबत थांबत बोलली. "आमच्या शेप्याचा वास आंधी नाय येत गो. गिललं का मंग मागून येतो. तुजा आंधीच आला. तरी बोलले, येल, येल. गिलला नि थांबले." तिनं गळ्यावर हात ठेवला. "आलाच नाय."

एकेक घोट खाली उतरवायला ज्या बाईला जिवाचं रान करावं लागत होतं, तिनं माझा हापूस गिळला आणि वासाची वाट बघत बसली. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं थेट सुनावलेलं नाही, आणि ती सुनावतही नव्हती.

"मावशी, चुकले मी."

"ती चुकी ऱ्हाऊ दे. माजा आंबा टाकलास का ठेवलास?"

"ठेवलाय. आणलाय. पण खारट आहे गं, तोंडात धरवणार नाही."

"मीठ कोनाचं?"

"तुझंच. पोत्यातलं."

"मंग दे."

मी वनिताकडे बघितलं. तिनं मान हलवली. पेटी उघडली, डबा काढला, अर्धा चमचा भरून मी मावशीच्या तोंडाशी नेला. जीभ लागताच चेहरा आक्रसला, डोळे मिटले. मला वाटलं, आता थुंकेल. ती थुंकली नाही. तोंडात धरून ठेवलं, सगळं वितळेस्तोवर. मग गिळलं. घशाचं हाड वर गेलं, अडलं, खाली आलं. ती तशीच डोळे मिटून थांबली. वनिता थांबली, मी थांबले. मागे यार्डात कसलीशी क्रेन पिंपिं करत होती.

"आला," मावशी म्हणाली.

मग तिनं डोळे उघडले आणि पहिल्यासारखं, बाजारातल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "लय खारट केलास गो येरे. भोक बघायचं ना!"

मी हसले, रडले, काय केलं मला आठवत नाही. वनिता पदरानं तोंड दाबून उभी होती. मावशीनं उशाशी हात नेला, माझा कालचा डबा चाचपला आणि सुनेला म्हणाली, "ह्याची ती चिठ्ठी काढ. त्याला लाव."

वनितानं नखानं चिठ्ठी हळूहळू सोडवली. दमट झाली होती, तरी फाटली नाही. खारट डब्यावर तिनं ती दाबून बसवली. एक कोपरा वर राहिला, तो मी अंगठ्यानं धरून ठेवला.

"हां," मावशी म्हणाली. "आता दे आनखी एक चमचा."